पत्रक अर्धंच सारायचं

मोबाईल खिशात घाला आधी. हे घडलं ते माझ्या साडूच्या बाबतीत, आणि साडू काही रचून सांगणाऱ्यातला नाही. तेवढं डोकंच नाही त्याला. धंद्यानं प्लंबर. कोणाला पटत नसेल त्यानं खुशाल आत जाऊन झोपावं.

त्याच्या वस्तीचं एक पत्रक निघतं, महिन्यातून एकदा. चार पानं. पाणी कधी येणार नाही, कोणाचा कुत्रा हरवला, असलं काहीबाही. घरोघर टाकायचं काम लोक आपणहून करतात, दमडी न घेता. साडू त्यात हौसेनं शिरला नव्हता. बायको, म्हणजे माझी मेहुणी, तोंडाची फटकळ. म्हणाली, "जन्मभर लोकांना नळासाठी पिळलंत, एक काम तरी फुकट करा." मग काय, गेला मुकाट्यानं.

त्या कामाची एक रीत होती. तिथल्या दारांना पत्र टाकायची फट असते, वर पत्र्याची झडप. म्हातारं माणूस एकटं राहत असेल तिथं पत्रक अर्धंच आत सारायचं आणि थांबायचं. आतून ओढून घेतलं की समजायचं, माणूस ठीक आहे. नाही ओढलं, तर दारातून हलायचं नाही. तिथूनच हाका मारून लोक जमवायचे. हे साडूला नीट बजावून सांगितलं होतं.

गल्लीच्या टोकाला एक रिटायर झालेली नर्सबाई राहायची, एकटीच. सगळे तिला सिस्टर म्हणत. गुडघे गेलेले, दारापर्यंत यायला वेळ लावायची. त्या शुक्रवारी संध्याकाळी साडूनं तिच्या दारात पत्रक सारलं. थांबला. कोणी येईना. एका गिऱ्हाइकाची टाकी वाहत होती, फोनवर फोन येत होते. शेवटी वैतागून बोटानं ढकललं आत, आणि गेला निघून.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा आठवलं. बायकोला सांगितलं. ती ताडकन उठून बसली.

"पडली असेल तर? रात्रीतून गेली, तर ते तुमच्या माथी."

पावणेबारा झाले होते. अमावस्या-बिमावस्या काही नाही, चांगलं टिपूर चांदणं. साडूनं चपला घातल्या, उरलेलं एक पत्रक घेतलं आणि निघाला.

सिस्टरच्या घरात अंधार. त्यानं झडप उचलून बॅटरी मारली. आत फरशी रिकामी. संध्याकाळचं पत्रक नव्हतं. म्हणजे तिनं उचललं होतं. साडूच्या जिवात जीव आला. तरी खात्री करावी म्हणून हातातलं पत्रक अर्धं सारलं.

थांबला.

ओढलं गेलं. सावकाश. कागद पत्र्याला घासत गेला.

"बरं सिस्टर... झोपा. येतो मी."

आत पाय वाजला नाही, काठी वाजली नाही. तो वळला.

मागं झडप वाजली.

पत्रक बाहेर आलं होतं. अर्धंच.

आणि थांबलं होतं.

आधी त्याला वाटलं, नको असेल तिला. हात पुढं केला. मग ध्यानात आलं... आता आतून कोणीतरी बघत होतं. हा ओढतो का.

"सिस्टर...?"

कागद जरासा थरथरला. पुढं आला नाही. मागं गेला नाही.

हात उचलेना. झडपेखाली काळोख... त्यात बोटं होती की नव्हती, त्यानं बघितलं नाही.

पळाला.

घरी येऊन कडी लावली. बोल्ट लावला. बायकोनं विचारलं, बाई बरी आहे ना. हा पुन्हा कडी तपासायला गेला. मग तिनंच सिस्टरच्या शेजाऱ्यांना फोन लावले. त्यांनी दार फोडलं, डॉक्टरला आणलं. सिस्टर न्हाणीघरात पडली होती. डॉक्टर म्हणाला, हिला जाऊन दोन दिवस झाले. म्हणजे साडूचा दोष नाही, थांबला असता तरी ती काही वाचणार नव्हती. शेजाऱ्यानं हे मुद्दाम फोन करून कळवलं, बिचाऱ्याला धीर यावा म्हणून. घरात पत्रक मात्र एकही सापडलं नाही. ना फरशीवर, ना तिच्या हातात, ना दारात.

दोन दिवस...

साडू उजाडेपर्यंत दाराला पाठ लावून बसला. बाहेर आवाज नाही. काही नाही. नुसती थंडी.

सकाळी बायकोनं त्याला बाजूला सारून दार उघडलं. उघडलं, आणि तिथंच उभी राहिली.

दव पडलं होतं. अंगण ओलं, कठडा ओला, पायरी ओली. पायरीवर फक्त दोनच जागा कोरड्या होत्या. शेजारी शेजारी. पावलांएवढ्या.

टाचा रस्त्याकडं. बोटं दाराकडं.