जुन्या दराची जोडी

सातव्या मजल्याच्या वळणावर दोघं समोरासमोर आली आणि कुणीच मागे सरेना. तिच्या हातात रंगाची वीस लिटरची बादली, त्याच्या खांद्यावर फरशांची खोकी. लिफ्ट काटकसरीपायी बंद, आणि जिना असा अरुंद की एकाने पोट आत घेतल्याशिवाय दुसऱ्याला वाट मिळू नये.

"उतरणाऱ्याने थांबायचं असतं," ती म्हणाली.

"असं कुठे लिहिलंय?"

"माझ्या बादलीवर. पण वाचायला जवळ यायची गरज नाही."

तो हसला. भुवईवरची सिमेंटची धूळ झडली, आणि तिला उगाचच वाटलं, हा माणूस तोंड धुतल्यावर कसा दिसत असेल... छे! सकाळी सकाळी हे काय भलतंच!

"तुम्ही रंगकामाच्या कंत्राटदार ना?" त्याने विचारलं. "मी फरशीवाला."

तिने बादली दाणकन खाली ठेवली. "म्हणजे ते दिवे लावणारे तुम्हीच! साहेबांनी दरात वीस टक्के कापले, आणि पहिली सही तुमची!"

"माझी? अहो, साहेब तर मला म्हणाले, रंगवाल्या बाईंनी हसत हसत सही केली, तुम्हालाच काय धाड भरलीय!"

 मग तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यानेही काढला. सहीची जागा दोन्हीकडे कोरी होती. बिल्डरसाहेबांनी एका दगडात दोन पक्षी मारायचं योजलं होतं खरं, पण दगड सुटायच्या आधी पक्षीच एकमेकांना भेटले.

मंदी होती, हे काही खोटं नव्हतं. घरं विकली जात नव्हती आणि शनिवारपर्यंत सही करा, नाहीतर चालू लागा, असा निरोप होता. वडिलांचे गुडघे गेल्यापासून धंदा तिच्या अंगावर होता. वीस टक्के गेले तर मावशीला घरी बसवावं लागणार होतं. मावशी म्हणजे तिच्या हाताखाली काम करणारी बाई, पण ब्रश कसा धरायचा ते तिला शिकवलं मावशीनेच. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"नाही म्हटलं तर उद्या दुसरे येतील," ती म्हणाली. "मंदीत माणसं पैशाला पासरी."

"नुसतं नाही म्हटलं तर. पण काही देऊन नाही म्हटलं तर?" त्याने खोकी उतरवली आणि पायरीवर बसला. "तुमचे थेंब माझ्या फरशीवर पडतात, माझी धूळ तुमच्या ओल्या भिंतीला चिकटते. मग मी तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही माझ्यासाठी. दोन खोल्यांच्या घराला अकरा दिवस. जोडीने केलं तर सहा. जी घरं विकलीत, त्यांचीही चावी दिल्याशिवाय साहेबांना शेवटचा हप्ता मिळत नाही. सांगा, त्यांना वीस टक्के गोड की पाच दिवस?"

"आणि फसलं तर?"

"तर शनिवारी दोघंही बेकार. एकट्याने बेकार होण्यापेक्षा बरं... सोबत तरी असेल."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. पण तिने हो म्हटलं.

सोमवारीच सातव्या मजल्यावरच्या एका घराला हात घातला. तो फरशा बाहेर गॅलरीत, पाणी मारून कापायचा. ती आधी छत उरकायची, मग भिंती, आणि तो एका खोलीचं अंतर ठेवून तिच्या पाठोपाठ यायचा. भांडणं व्हायचीच. "जरा दमानं घ्या की!" तो ओरडायचा. "दम तुम्हीच खा, मला काम आहे!" ती वरून सुनवायची.

बुधवारी तो एकदम म्हणाला, "तुम्ही आत्ता भेटलात, पण तुमच्या भिंती वर्षभर बघतोय. कड अशी सरळ सोडता की खाली वाकडी फरशी बसवायची लाज वाटते."

"हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून एकाच जागेवर तीनदा रोलर फिरवत राहिली.

"झालंय गं ते," मावशी शांतपणे म्हणाली.

शुक्रवारी तो तिची शिडी धरून उभा होता. शिडी मुळीच हलत नव्हती. तिला ते कळत होतं, त्यालाही कळत होतं... आणि दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शनिवारी, सहाव्या दिवशी, दोघांनी साहेबांना तयार घर दाखवलं आणि या वेगाच्या बदल्यात जुना दर मागितला. साहेबांनी घरभर हिंडून थेंब शोधला. सापडला नाही. मावशीसकट सगळे ऑफिसात आले, तेव्हा साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"जुना दर, मान्य. माझ्या तिन्ही इमारती, दोन वर्षं. करार मात्र दोघांचा मिळून एकच. आणि अर्ध्यात तुमचं फाटलं तर मी काय करू? दोन वर्षं एकमेकांबरोबर टिकाल, याची हमी कोण देणार?"

सहा दिवस ज्याच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता, तो फरशीवाला खाली बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. ती एक पाऊल पुढे आली.

"मी देते. आम्ही भांडू, साहेब. रोज भांडू. यांच्या धुळीवरून, माझ्या घाईवरून. पण दोन वर्षांचं काय घेऊन बसलात? मला हा माणूस जन्मभर चालेल."

"अगं बाई!" दारातून मावशी म्हणाली.

साहेब खोकले. "मी फक्त करारापुरतं विचारलं होतं."

"मी सगळंच एकदम सांगून टाकलं."

 ती फरशीवाल्याकडे वळली. "तुम्हाला विचारायचं राहिलं, ते आता विचारते. नाही म्हणायचं असेल तर... सही अजून झालेली नाही."

त्याने साहेबांच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावलंच. कागदावर वाकला आणि सही केली. इतकी वाकडी रेघ त्याने जन्मात कधी काढली नसेल.

"हात थरथरतोय तुझा," ती म्हणाली. हा 'तू' कधी आला, तिलाच कळलं नाही.

"थरथरू दे," तो म्हणाला आणि पेन तिच्यापुढे धरलं. "तू कर सही."