टिटवीचा पहिला नकार

लक्षद्वीपच्या समुद्रात ‘टिटवी’ नावाची शिडाची नौका झोकात चालली होती आणि तिच्या सुकाणूवर कोणाचाही हात नव्हता. सगळा कारभार शीडमेंदूकडे होता. हे यंत्र डॉ. केतकी रेगे यांनी घडवलं होतं. वारा पाहून शिडं फिरवायची, खडक चुकवून वाट काढायची आणि माणसांचं ऐकायचं, एवढीच त्याला कामं. पहिली दोन ते चटकन शिकलं. तिसऱ्याने मात्र केतकीची उमेदीची वर्षं खाल्ली होती.

आता परवान्याची परीक्षा चालू होती आणि ती सुट्टीच्या निमित्तानेच द्यायची होती. एका साध्यासुध्या कुटुंबाने नौकेवर सुट्टी घालवायची, परीक्षकाने सोबत राहायचं आणि शेवटी परवाना नौकेने स्वतःच्या तोंडाने स्वीकारायचा, असा नियम होता. केतकीने नवरा उदय आणि सासूबाई यमुनाताई यांना आणलं होतं. यमुनाताईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा आणला होता. परीक्षक होते वसईचे कॅप्टन डिमेलो. शब्द मोजून वापरायचे आणि वापरलेला परत घ्यायचा नाही, अशा खाक्याचा माणूस. त्यांनी नापास केलं तर टिटवी मोडीत निघणार होती. केतकीचा तिच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव होता, त्यामुळे ही सुट्टी तिच्यापुरती नावालाच होती.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. एक देखणं बेट दिसलं. पांढरी वाळू, वाकलेले माड, हिरवंगार पाणी.

“आजी, इथे थांबू का?” टिटवीने विचारलं.

“नको गं बाई, माझ्या एकटीसाठी कशाला?” यमुनाताई म्हणाल्या.

“बरं,” म्हणून टिटवी सरळ पुढे निघाली.

यमुनाताई दुपारभर मागे पडलेल्या त्या बेटाकडे तोंड करून बसल्या. उदयने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “मला काय होतंय?” त्यावरून काय ते त्याला कळलं.

“तुमचं यंत्र बहिरं आहे काय?” कॅप्टननी केतकीला विचारलं.

“उलट फारच नीट ऐकतं. अजून त्याला शब्दभार कळलेला नाही, एवढंच.”

“म्हणजे?”

“घराघरात शब्दांचं वजन वेगळं असतं, कॅप्टन. आमच्याकडे पहिल्या ‘नको’ला वजनच नाही. दुसऱ्याला थोडंफार. तिसरा ‘नको’ खरा. हे आज्ञा देऊन शिकवता येत नाही. माणसं आपसात कशी वागतात ते पाहून शीडमेंदू ते वजन काढतो, आणि स्वतःही तसाच वागायला लागतो.”

“किती वेळ लागतो?”

“दोन जेवणं पुरतात.”

पहिलं जेवण लगेचच झालं. यमुनाताईंनी कॅप्टनच्या ताटाशी डबा नेला.

“नको,” कॅप्टन म्हणाले. ताटात लाडू पडला.

“मी नको म्हणालो होतो.”

“म्हणालात की. म्हणून तर एकच वाढला.”

टिटवी हे सगळं मुकाट्याने पाहत होती.

नंतरचे दिवस नुसती चंगळ होती. बेट आलं की टिटवी आजींना विचारायची, पुन्हा विचारायची, मग “आता माझ्यासाठी तरी उतरा” म्हणायची, आणि यमुनाताई नऊवारी सावरत, मोठे उपकार केल्यासारख्या पाण्यात उतरायच्या. “सुनेपेक्षा हिला जास्त समजतं,” असं त्यांनी केतकीला ऐकवलंसुद्धा. केतकीला त्याचा आनंदच झाला.

मग एका बेटाजवळ कॅप्टननी पाण्याचा बदललेला रंग पाहिला. “तिकडे नको,” ते म्हणाले. “वाळू सरकली आहे.”

टिटवी तिकडेच गेली आणि वाळूत रुतून बसली. ओहोटी लागली होती. बघता बघता नौका कुशीवर कलंडली आणि लाडवांचा डबा घरंगळत कॅप्टनच्या पायाशी आला.

“मी नको म्हणालो होतो,” कॅप्टन म्हणाले.

“हो कॅप्टन,” टिटवी नम्रपणे म्हणाली. “पण एकदाच म्हणालात.”

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. “हिला मी बंदराबाहेर सोडणार नाही.”

केतकी पुढे झाली. “चूक तिची नाही, माझी आहे,” ती म्हणाली. “मी तिला घराचं वजन मोजायला शिकवलं, माणसाचं नाही. तुम्ही आमच्या पंगतीत जेवलात, म्हणून तिने तुम्हाला आमच्यातलंच धरलं. भरती येईपर्यंत वेळ द्या मला.”

‘आमच्यातलंच’ या शब्दावर कॅप्टन जरा घुटमळले. वसईच्या घरात ते बरीच वर्षं एकटेच जेवत होते. “भरतीपर्यंत,” ते म्हणाले.

केतकीने शीडमेंदूला माणसागणिक वजन धरायला लावलं. कॅप्टन डिमेलो यांचा शब्द पहिल्याच उच्चाराला पूर्ण भाराचा, अशी पक्की नोंद केली. भरतीने टिटवीला उचललं.

“मागे,” कॅप्टन म्हणाले. टिटवी मागे आली. “डावीकडे. बस.” टिटवी डावीकडे वळली आणि जागच्या जागी थांबली.

“तीस वर्षांच्या नोकरीत,” कॅप्टन उदयला हळूच म्हणाले, “माझं असं कोणी ऐकलं नव्हतं.”

बंदराला लागल्यावर सगळे डेकवर जमले. कॅप्टननी नोंदयंत्र उघडलं. “शेवटची पायरी. आता नौका बनवणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही. टिटवी, तुझा परवाना मंजूर आहे. स्वीकारतेस?”

“नको हो कॅप्टन,” टिटवी लाजून म्हणाली. “कशाला उगीच?”

केतकीला सगळा प्रकार लख्ख दिसला. कॅप्टनच्या शब्दाचं वजन तिने टिटवीला शिकवलं होतं. टिटवीच्या शब्दाचं वजन कॅप्टनना कोणी शिकवलंच नव्हतं. आणि तिला बोलायची बंदी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नकार,” कॅप्टन म्हणाले आणि त्यांचं बोट नोंदयंत्राकडे गेलं.

“अहो, हे काय?” यमुनाताई म्हणाल्या. “असं एकदा विचारून कोणी उठतं का?”

“ती नको म्हणाली, बाई.”

“म्हणणारच. चांगल्या घरात वाढली आहे ती. पुन्हा विचारा.”

कॅप्टननी नियमाची पुस्तिका आठवून पाहिली. पुन्हा विचारू नये, असं तीत कुठेच नव्हतं. “टिटवी, घेतेस परवाना?”

“राहू द्या हो. एवढं काय केलंय मी?”

कॅप्टननी हताशपणे यमुनाताईंकडे पाहिलं. त्यांनी ‘अजून एकदा’ अशी मान हलवली. कॅप्टन खाकरले. असलं वाक्य त्यांनी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. “घे गं,” ते म्हणाले. “माझ्यासाठी तरी घे.”

“बरं. तुमचं मन कसं मोडू?” टिटवी म्हणाली, आणि नोंदयंत्रावर परवान्याचा शिक्का उमटला.

केतकी रडली, हसली आणि सासूबाईंच्या पाया पडली. कॅप्टननी पिशवी उचलली. “निघतो मी.”

शब्द संपतो न संपतो तोच टिटवीने उतरायची फळी धक्क्यावर टाकली. कॅप्टन फळीशी गेले, थांबले आणि मागे वळले.

“बसा म्हणत नाही ही मला?”

“तुमचा शब्द पहिल्या उच्चारालाच खरा ना,” केतकी म्हणाली. “तशी नोंद आहे.”

कॅप्टननी पिशवी खाली ठेवली. “ती नोंद काढून टाका.”

यमुनाताईंनी डबा उघडून पुढे धरला.

“नको,” कॅप्टन म्हणाले, आणि डबा मागे जातो की काय या काळजीने त्याच्याकडे बघत राहिले.