रिकाम्या कपातले सर

ही घटना खरी आहे. खोटी वाटली तर माझ्या जावयाला विचारा. तो सांगणार नाही, पण त्याचा चेहरा सांगेल.

भुतं रात्रीच येतात असं समजणाऱ्यांनी पुढे वाचू नये. हे भरदुपारी घडलं, प्रयोगशाळेत, ट्यूबलाइटच्या उजेडात.

जावईबापूंनी जस्ताची पूड केली होती. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजार मावावेत. अक्कल त्याहून बारीक. पुडीची रीत मुळात त्याच्या सरांची. सरांची राख निवते न निवते तोच ती याच्या नावावर झाली.

त्या दुपारी कारखान्याचे साहेब येणार होते. पूड शुद्ध निघाली की जावई विभागप्रमुख. सासऱ्याने डोळे भरून पाहावं म्हणून मलाही आवतण होतं.

यंत्र साधं. कपात पूड ठेवायची, झाकण लावायचं, एक्स-रे सोडायचे. आत जे मूलद्रव्य असेल त्याचा सुळका पडद्यावर उठतो.

सरांचा एक हट्ट असे. आधी रिकामा कप मोजायचा, म्हणजे यंत्राचा स्वतःचा कचरा कळतो. जावई त्याला म्हाताऱ्याचा चळ म्हणायचा.

साहेब नेमके म्हणाले, "आधी रिकामा दाखवा."

जावयाने नाक मुरडत रिकामा कप ठेवला.

कट्...

झाकण वाजलं असं मला वाटलं. झाकण तर केव्हाच बंद होतं.

पडद्यावर सुळका उठला. कॅल्शियम. मग फॉस्फरस.

"हाडं ठेवलीत की काय आत?" साहेब हसले.

जावयाने कप बदलला. पुन्हा तेच... आणि आता शेजारी कोबाल्ट, क्रोमियम.

जावई पांढराफटक. काय झालं म्हणून मी विचारलं.

"मामा, सरांचा गुडघा..."

सरांनी गुडघा बदलून घेतला होता. याच धातूंचा. चालताना वाजायचा.

कट्.

साहेब वैतागले, पूड ठेवा म्हणाले. पुडीने काठोकाठ भरलेला कप आत गेला.

पडदा सपाट.

जस्त नाही. काहीच नाही...

मेकॅनिकने यंत्र उघडून पाहिलं. ठणठणीत. पूड दुसरीकडे मोजली. तिथेही सपाट.

विभागप्रमुख भलताच झाला. आमचे दिवटे आता आमच्याकडेच मुक्कामाला. चहा ओतण्याआधी रिकाम्या कपात डोकावून बघतात. मी मनसोक्त टिंगल केली.

काल तो आत झोपला होता. मी चहाला बसलो, आणि जिन्यात वाजलं...

कट्.

मी कपात पाहिलं. रिकामा होता.

तरी चहा ओतायचा धीर झाला नाही.