पाहुणीला पटवायची ड्यूटी

विद्यापीठाच्या पायरीवरच्या बर्फाच्या चिखलात थियाचा पाय सटकला, बाजूने जाणाऱ्या कुरळ्या केसांच्या मुलाने झटकन हात पुढे केला… आणि तिची कॉफी झेलली! थिया मात्र सपशेल खाली.

"दोन्ही झेलणं जमलं नसतं गं," तो म्हणाला. "निदान एक तरी वाचलं!"

"आधी माणूस वाचवतात, वेड्या!" ती गुडघा चोळत म्हणाली. पण हसू काही आवरेना. काय ते डोळे! आणि ते लुइझियानाचं संथ बोलणं, उसाच्या पाकासारखं…

तेवढ्यात त्याच्या जॅकेटखालून गळ्यातला बिल्ला डोकावला. रेमी बूद्रो, यजमान विद्यार्थी.

थियाचं हसू तिथल्या तिथे गोठलं. म्हणजे हा योगायोग नव्हताच?

बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या पीएचडीसाठी तिला दोन ठिकाणांहून होकार आला होता. एक पिट्सबर्गहून, दुसरा ओहायोतल्या या तळ्याकाठच्या शहरातून. इथे तर दोन दिवस मुक्काम, जेवण, सगळं त्यांच्याकडून, वर प्रत्येक पाहुण्यामागे एक यजमान. ड्यूटी एकच, पाहुण्याला पटवायचं! थियाला बनवायची होती हृदयाची अशी झडप, जी बाळाच्या छातीत बाळाबरोबरच वाढेल. गुरू चुकीचा निवडला तर पाच वर्षं पाण्यात. आणि तिच्या मिनेसोटात कुणी एवढं गोड बोललं, तर लोक आधी खिसा चाचपतात.

प्रयोगशाळेत काचेच्या नळीतल्या मिठाच्या पाण्यात एक इवलीशी पांढरी झडप उघडत-मिटत होती.

"बघ… श्वास घेतेय ना?" रेमी तिच्या कानाशी कुजबुजला. त्याची बोटं तिच्या बोटांना निसटती लागली. थियाच्या छातीतल्या झडपांनीही ताल सोडला.

"हे वाक्य सगळ्या पाहुण्यांना ऐकवतोस?"

"गेल्या वर्षी तिघांना ऐकवलं."

"मग?"

"दोघं आले."

"वा! भलताच गुणी दिसतोस." ती एक पाऊल मागे सरली. "बरं, ही प्रयोगशाळा चालवणारे प्रोफेसर हारग्रोव्ह विद्यार्थ्यांना वेळ देतात ना?"

रेमीने तोंड उघडलं… खिडकीकडे पाहिलं… "तू इथले पिरोगी खाल्लेस का? आत बटाटा, वर परतलेला कांदा—"

कुठेतरी पाणी मुरत होतं. नक्की!

दुसऱ्या दिवशी तोच तिला विमानतळावर सोडायला आला. रस्ताभर टोमणे, हसणं, चोरटे कटाक्ष… आणि गाडी विमानतळाशी थांबली. थियाने खडा टाकून पाहायचं ठरवलं.

"रेमी, मी पिट्सबर्गला हो कळवलंय. सकाळीच."

त्याचा चेहरा पडेल, नाहीतर घड्याळाकडे बघून तो निघून जाईल, असं तिला वाटलं होतं. पण त्याने स्टिअरिंगवर कपाळच टेकवलं.

"बरं झालं बाई! सुटलो!"

"सुटलास?" थिया भडकली.

"अगं, हारग्रोव्ह पुढच्या वर्षी कंपनीत चाललेत. प्रयोगशाळा बंद. मी स्वतः अर्ध्यावर लटकणार आहे. पाहुण्यांना सांगायचं नाही, अशी तंबी आहे आम्हाला. दोन दिवस घशात अडकलं होतं. सांगायला गेलो की तोंडातून पिरोगीच निघायचे!"

"मी अजून कुणालाच हो म्हटलेलं नाही."

रेमी पांढराफटक पडला. "म्हणजे… मी आत्ता…"

"खोटं बोलले मी. आणि तूही! मी इथे आले असते तर?"

"नसतं येऊ दिलं. फोन केला असता…" तो खाली मान घालून म्हणाला. "आधीच बोलायला हवं होतं. घाबरलो."

 थियाने फोन काढला, पिट्सबर्गचं पान उघडलं आणि त्याच्यासमोरच होकारावर बोट टेकवलं.

"झालं. आता मी तुमची पाहुणी नाही. मला पटवायला तुला कुणी सांगितलेलं नाही." तिने हाताची घडी घातली. "हं, बोल आता गोड."

रेमीने तोंड उघडलं. मिटलं. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"पिट्सबर्ग… म्हणजे इथून… रस्ता तसा…"

"दोनेक तासांचा."

"हो… दोनेक… आणि माझ्याकडे गाडी… म्हणजे शनिवारी… तू जर… नको असेल तर…"

इतकं भयंकर बोलणारा मुलगा थियाने जन्मात पाहिला नव्हता. तिचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.