आकडे जुळतात

मामाच्या फोटो स्टुडिओत मी गेले ती निव्वळ हातभार लावायला. त्याच्या संगणकात गिऱ्हाइकांचे फोटो कसेही कोंबलेले होते. ते सगळे एका जागी, नावानं शोधता येतील असे त्याला हवे होते. प्रोग्राम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. म्हटलं, दुपारभराचं काम.

काम खरंच साधं होतं. संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे नुसती आकड्यांची रांग, एकेक आकडा म्हणजे एक बाइट. फाइल वाचायची, बाइट साठवायचे, मागितले की बाहेर काढून त्यांचा पुन्हा फोटो करायचा. शेवटी गेलेले आणि परत आलेले बाइट ताडून बघायचे. एकही बदललेला नसला की पडद्यावर येतं, 'जुळले'. मामाला जमावं म्हणून मी या सगळ्यासाठी एकच भलंमोठं बटण ठेवलं.

चाचणीला मामीचा फोटो घेतला. मागच्या वर्षी ती गेली. स्टुडिओतली खरी फोटोग्राफर तीच. अख्ख्या गावाचे फोटो काढले, पण स्वतः कॅमेऱ्यासमोर बसायची वेळ आली की तिला नेमकं काहीतरी काम आठवायचं. त्यामुळे तिचा हा एवढा एकच फोटो. स्टुडिओतल्या खुर्चीत बसलीय, मागे दार उघडं आहे आणि चेहऱ्यावर 'आटप लवकर' असं स्पष्ट लिहिलंय. दुकान उघडलं की मामा आधी तो बघायचा, मग बाकीचं.

मी बटण दाबलं. जुळले. फोटो उघडला.

"अगं, ही उभी कशी?" मामानं विचारलं.

मामी खुर्चीशेजारी उभी होती. एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"दुसरा एखादा फोटो असेल, मामा."

"दुसरा आहे कुठे?"

मी प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. काही चुकलेलं नव्हतं. पुन्हा बटण दाबलं. जुळले. आता मामी पाठमोरी होती, दारापाशी पोचलेली.

तेव्हा मला माझा घोळ कळला. परत आलेला फोटो मी मूळ फाइलवरच लिहीत होते. म्हणजे खुर्चीत बसलेली मामी आता कुठेच शिल्लक नव्हती. आणखी एक फेरी झाली असती, तर मामाकडे रिकाम्या खुर्चीचा फोटो उरला असता.

"मामा, आता याला हात लावायचा नाही."

मला वाटलं, तो रडेल. तो पडद्याजवळ सरकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"वैतागली असेल... किती बसवून ठेवलं मी तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माझा एक फोटो काढ. त्याच खुर्चीत. आणि तोही यातून फिरव."

"कशाला?"

"एकटी कुठे जाईल ती..."

त्याचं मन मोडवेना म्हणून फोटो काढला, संगणकात घातला. फिरवणार मात्र नव्हते. आधी मामीच्या फोटोची प्रत करून घ्यावी म्हणून गाडीतून पेनड्राइव्ह आणायला बाहेर गेले. परत आले तेव्हा मामा संगणकासमोर शांत बसला होता. पडद्यावर 'जुळले'. खाली त्याचा फोटो. फोटोत तो खुर्चीशेजारी उभा होता, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

मी ओरडले, भांडले. शेवटी संगणकच उचलून घरी आणला. त्याची वायर काढून कपाटात कुलपात ठेवली. मामाला चिडायचं तर चिडू दे, तो हवा होता मला.

सकाळी उठल्या उठल्या फोन केला.

"मामा, बरा आहेस ना?"

"एकदम. फक्त बसवत नाही गं. रात्रभर उभाच आहे."

"पाय दुखतायत का? डॉक्टरकडे जाऊ या, मी येते..."

"ये ना. संगणक घेऊनच ये." त्याच्या आवाजात इतका आनंद मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "पुढची फेरी करून टाक बाई लवकर. ही केव्हाची दारात ताटकळलीय."