मागच्या सीटवरचे दोघे

“काय हो, लाज नाही वाटत?”

बाईंनी हे दबक्या आवाजात विचारलं. ओरडल्या असत्या, तर पुढच्या सीटवरच्या छबूने मागे वळून पाहिलं असतं आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. शेजारच्या माणसाने वर्तमानपत्र जरासं खाली केलं. चष्मा, चष्म्यामागे टपोरे डोळे... आणि डोळ्यांत चोरी पकडली गेल्याची घबराट.

“मला म्हणताय?”

“मग काय ड्रायव्हरला? मघापासून बघतेय, त्या मुलीवरून नजर हटत नाहीये तुमची. बोलावू कंडक्टरला?”

“बोलवाच!” आता तोही तापला. “तोंडाला स्कार्फ गुंडाळून तिच्या मागोमाग कोण चढलं, ते मीही पाहिलंय. तुम्ही कोण तिच्या?”

“मी तिची बाई!”

“आणि मी तिचा मामा!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकदमच हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

छबू चौदा वर्षांची. नवी गोष्ट शिकायला तिला इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागायचा, पण एकदा शिकली की ती गोष्ट कायमची तिची. बाई अशाच मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि सध्या छबूला एकटीने बसने यायला शिकवत होत्या. आधी तिच्या शेजारी बसून, मग एक सीट मागे, मग आणखी मागे, आणि आता तिच्या नकळत. घरच्यांनी मात्र घरीच थांबायचं, हा बाईंचा नियम. घरचं माणूस दिसलं की मूल त्याच्या तोंडाकडे बघतं आणि स्वतः विचार करायचं थांबतं. छबूच्या आईने नियम मानला होता, पण एका अटीवर. “एकदा जरी गडबड झाली ना, तर हे सगळं बंद. मीच सोडीन तिला. जन्मभर सोडीन.”

आणि तिचा हा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानाचा मालक, दुकान उघडायचं सोडून बसमध्ये लपून बसला होता!

“उद्यापासून घरी थांबायचं, मामा.”

“जमणार नाही. आणि तुम्ही तरी मला मामा म्हणू नका हो.”

“मग काय म्हणू?”

“विचार करून सांगतो...” असं म्हणून तो चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

याला मोकळं सोडण्यापेक्षा डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं, असा बाईंनी सोयीस्कर विचार केला. मग रोज सकाळी बसच्या मागच्या सीटवर दोघांची कुजबुज सुरू झाली. छबूची बॅग खांद्यावरून घसरली की हा उठायला बघायचा आणि बाई त्याची बाही ओढून खाली बसवायच्या.

“तिला मदत करायची नाही का मग?”

“करायची. तिने मागितली की करायची. त्याआधी केली, तर ती आपली घाई असते.”

तो खरंच ऐकायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा प्रश्न घेऊन यायचा, आणि प्रश्न विचारताना असा काही बघायचा की बाई उत्तरच विसरायच्या. लपून बसायला रोज नवा, सुंदर स्कार्फ कशाला लागतो, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही.

एके दिवशी रस्ता खोदलेला होता. बस भलत्याच गल्लीत वळली. छबूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि ती ताडकन उभी राहिली. तोही उठला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“थांबा.”

“अहो, घाबरलीय ती!”

“मीही घाबरलेय. तरी थांबा.”

छबू दांड्याला धरत धरत कंडक्टरपाशी गेली. “काका, माझी शाळा गेली का?”

“नाही गं. पुढून वळणार बस.”

ती शांतपणे जागेवर येऊन बसली. मनगटावरचा हात काही सुटला नाही... आणि सोडवून घ्यायची कुणाला घाईही नव्हती.

मग तो दिवस आला. आज मागे कुणीच बसणार नव्हतं. दोघं शाळेजवळच्या स्टॉपवर उभे होते. ‘निघाली’ म्हणून ताईचा फोन येऊन गेला होता. बस आली, दार उघडलं, माणसं उतरली, दार मिटलं.

छबू नव्हती.

बाई रस्त्याकडे वळल्या. “मी जाते... तिच्या स्टॉपवर जाते. माझंच चुकलं, मी घाई केली...” त्या धावत सुटल्या, तोच त्याने त्यांचा हात धरला.

“थांबा, बाई.”

“चुकून भलतीकडे उतरली असेल तर?”

“तर विचारेल कुणाला तरी. तुम्हीच शिकवलंय.” त्याचा आवाज कापत होता, पण पकड घट्ट होती. तेवढ्यात फोन वाजला. “नाही ताई, अजून नाही... पुढच्या बसने येईल. घाबरू नकोस. नाही, तू निघू नकोस! तिला येऊ दे.”

पुढची बस आली. सगळ्यात शेवटी, एकेक पायरी नीट बघत, छबू उतरली.

“पहिलीत खूप गर्दी होती,” ती म्हणाली. “मी सोडून दिली. बाईंनीच सांगितलंय, दुसरी येते.” मग तिने दोघांकडे संशयाने पाहिलं. “तुम्ही का आलात? मी एकटी येणार होते ना! मामा, तू घरी जा.”

आणि ती ऐटीत फाटकातून आत गेली. बाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाच कळेना. तो फोनवर ओरडत होता, “पोचली, ताई! एकटी पोचली!”

फोन खिशात ठेवून तो बाईंकडे वळला.

“म्हणजे उद्यापासून मागच्या सीटवर आपलं काही काम नाही.”

“नाही.”

“पण मला तुमच्या शेजारची जागा हवीय... बसमधली नाही म्हणत मी. घरातली, दारातली, सगळीकडची. माझं प्रेम आहे तुमच्यावर, बाई. लग्न कराल माझ्याशी?”

नेमकी तेव्हाच शाळेची घंटा झाली. बाई दचकून आत पळाल्या. फाटकाशी पोचल्यावर वळून पाहिलं, तर तो तिथेच उभा, चष्मा हातात, चेहरा पार पडलेला.

“हो!” बाई ओरडल्या. “हो, हो, हो!”

अख्खा स्टॉप वळून बघायला लागला. वर्गाच्या दारातून छबूने डोकं बाहेर काढलं.

“बाई, हळू बोला,” ती म्हणाली. “शाळा आहे ही.”