काठाकाठावरचा दोरा

"माझ्यावर करणी झालीय, असं सगळा गाव म्हणतो," सुगंधा अक्का म्हणाल्या. "मी मानत नाही. पण मुलाला पुण्याला फोन केलाय. संध्याकाळी तो गाडी घेऊन येतोय. मग घर बंद आणि वर्गही बंद."

समोरच्या बाकावर अक्षया परुळेकर बसली होती. देवगडात खाजगी तपासाचं ऑफिस चालवणारी ती एकटीच. शेजारी तिचा मावसभाऊ आणि मदतनीस कौस्तुभ. त्याला तपासातलं फारसं कळत नसे, पण गाडी झकास चालवायचा. आज मात्र तो गाडीपाशी न थांबता आत येऊन बसला होता, कारण जामसंड्यातल्या याच पडवीत तो इंग्रजी शिकला होता.

अक्कांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. डोळे मिटायचे, वस्तू चाचपायची आणि ती जिथे संपते तिथलं नाव सांगायचं. पेल्याचा काठ रिम, पायरीची कड एज, काठीचं टोक टिप, परकराची दुमड हेम. "वस्तू कुठे संपते ते हाताला कळलं, की शब्द विसरत नाही," असं त्या म्हणत. कौस्तुभ बाकी सगळं विसरला, हे शब्द तेवढे राहिले.

"काय काय सापडलं?" अक्षयाने विचारलं.

"पायऱ्यांच्या कडांना चुना फासलाय. विहिरीच्या कठड्यालाही. फाटकाच्या कडेला आणि रात्री पडवीत ठेवलेल्या माझ्या काठीच्या टोकाला काळा दोरा गुंडाळलाय. हात लागला तेव्हा अंगावर काटा आला."

बोलता बोलता त्यांनी चहा ओतला. ओतताना बोट कपात धरलं होतं. कौस्तुभने शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिलं.

अक्षयाने काठी हातात घेतली. दोरा लालभडक होता. खालून वर एकसारखे वेढे, आणि शेवट कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

"भीतीने माणसाला लालही काळं दिसतं," कौस्तुभ तिच्या कानाशी पुटपुटला. ती वेढ्यांवरून बोट फिरवत राहिली.

स्वयंपाकघरात प्राजक्ता भाकऱ्या थापत होती. ती सकाळी येऊन जेवण करून जाई.

"आत असला काय एक नाय," ती म्हणाली. "चुलीकडे नाय, मोरीत नाय. सगळा भायरच. ह्या त्या शेजारच्या गणपताचाच काम. मधल्या गडग्यावरसून भांडाण झाला, तेवा कुणकेश्वराच्या पायरेर हात ठेवन शपथ घेतल्यान. बाईंच्या उंबऱ्यार पाय ठेवचो नाय, बाईंशी बोलूचो नाय."

"ही दोरी या पेन्सिलीला गुंडाळून दाखव," अक्षया म्हणाली.

प्राजक्ताने चार वेढे दिले आणि करकचून गाठ मारली.

मग बाजारातला ओमकार. त्याचा इंग्रजीचा क्लास होता, आणि अक्कांचा वर्ग बंद पडला तर पोरं त्याच्याकडेच जाणार, हे उघड होतं.

"जातील," त्याने सरळ कबूल केलं. "पण अडलेलं पोर मीच अक्कांकडे पाठवतो. त्या गेल्या तर मी कोणाला विचारू?" त्यानेही पेन्सिलीला दोरी गुंडाळली, आणि गाठीवर गाठ मारली.

गणपतचं अंगण अक्कांच्या अंगणाला लागूनच. मध्ये चिऱ्यांच्या भिंतीचा गडगा, दोन्ही घरांच्या भांडणाचं मूळ. गणपत उकिडवा बसून आंब्याचं कलम बांधत होता. प्लॅस्टिकची पट्टी खालून वर वेढत नेली, टोक शेवटच्या वेढ्याखाली सारलं आणि ओढलं.

"माका कित्याक इचारतास? करणी करूचा माझा काम नाय," तो म्हणाला.

"तुमची मुलगी तन्वी काय करते?" अक्षयाने भलतंच विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. "दुबईक नर्स आसा. फाडफाड इंग्लिश बोलता."

"कोणी शिकवलं?"

गणपत उगाच कलमावरची माती झटकत राहिला.

"हाच," परत फिरताना कौस्तुभ म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं."

"हाच. पण तुला वाटतं त्यासाठी नाही."

पडवीत सगळे जमले. गणपत बोलावूनही गडग्यापलीकडेच उभा राहिला. अक्षयाने काठी अक्कांच्या हाती दिली.

"अक्का, दोरा कोणत्या रंगाचा आहे?"

अक्कांची बोटं दोऱ्यावरून फिरली. "काळा," त्या हळूच म्हणाल्या.

"लाल आहे. गाव करणी म्हणतो, म्हणून तुम्ही काळा धरलात. तुम्ही चहा ओतता तेव्हा कप भरला की नाही ते बोट सांगतं. तुमची नजर जवळजवळ गेलीय, आणि मुलाने उचलून नेऊ नये म्हणून तुम्ही ते सगळ्यांपासून लपवलंत."

प्राजक्ताच्या हातातला पदर तोंडाशी गेला.

"एका माणसाला मात्र ते दिसलं. त्याने चुना आणि दोरा कुठे लावला पाहा. पायरीची कड, कठडा, फाटक, काठीचं टोक. सगळी टोकं, सगळ्या कडा, जिथे पाय चुकतो आणि हात शोधतो. मंद नजरेला दिसावं म्हणून पांढरं आणि लाल, नाहीच दिसलं तर बोटांना लागावं. करणीच्या दोऱ्याला गाठ असते, इथे एकही नाही. प्राजक्ताने आणि ओमकारने गाठ मारली. गाठीशिवाय बांधणारा हात कलम बांधणाऱ्याचा. आणि घरात एक वेढा नाही, कारण त्या माणसाला उंबरा ओलांडायचा नव्हता. देवाची शपथ होती."

सगळ्यांच्या नजरा गडग्याकडे वळल्या. गणपतने मान खाली घातली. मग अक्कांकडे न बघता म्हणाला, "कौस्तुभा, बाईंका सांग. त्या पायरेवर पडता पडता ऱ्हवल्यो, ता मी बघलंय. माझा चेडू, तन्वी, घराकडे डोळे मिटून हेच शब्द घोकी, एज, टिप. तेंच्यामुळे चेडवाचा बरा झाला. शपथ मोडूक येणा नाय, म्हणान भायरसून जमला तितक्या केलंय. लोक करणी म्हणतले, ह्या माझ्या डोक्यातच इला नाय."

कौस्तुभ निरोप सांगायला अक्कांकडे वळला. या माणसाइतकी आठवण आपण ठेवली नाही, एवढंच त्याला कळत होतं, आणि तरी मन भरून आलं होतं.

निरोपाची गरजच नव्हती. अक्का उठल्या होत्या.

"शपथ त्यांची आहे," त्या म्हणाल्या. "मी कुठे घेतली? कौस्तुभ, मुलाला सांग, मी कुठे येत नाही. आलाच आहेस तर मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने म्हणावं."

चुन्याच्या रेघा पायांनी ओळखत त्या उतरल्या, फाटकाबाहेर पडल्या आणि गडग्याला वळसा घालून गणपतच्या अंगणात शिरल्या. इथे पायऱ्यांना कसली खूण नव्हती. पुढे टाकलेला पाय त्यांनी मागे घेतला.

गणपत धावला. बोलायची सोय नव्हती, म्हणून वाकून त्याने पायरीच्या कडेवर हाताने थापटलं. अक्कांनी आवाजाच्या अंदाजाने पाऊल टाकलं, ते बरोबर पडलं.

"तुमचे फार उपकार झाले, गणपतराव," त्या म्हणाल्या.

डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. तो वरची पायरी थापटत होता.